हुकमी मतांचा अस्त : भोर-वेल्ह्याचा धडा

निवडणुकीत पराभव झाला की पक्षाच्या कार्यालयात कारणांची आवक विपुल होते. प्रतिपक्षाने पैसा ओतला, मित्रपक्षाने कुचराई केली, बंडखोरांनी घात केला, जातींचे गणित चुकले, अशी ही कारणे असतात. त्यांतील प्रत्येकात थोडेबहुत तथ्य असते. आणि सर्वांचा एक समान गुण असा की, यांपैकी एकही कारण पक्षाला आत्मपरीक्षणाची तसदी देत नाही. जो प्रश्न अशा वेळी विचारला जात नाही तो अगदी साधा आहे. आपल्या मतदाराने आपल्यासाठी घरातून उठावे, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलावे, पुण्या-मुंबईतील एक दिवसाची मजुरी बुडवून गावी येऊन मत द्यावे, असे कोणते कारण आपण त्याला दिले होते?

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांत काँग्रेस पक्षाचे जे झाले, त्याकडे या प्रश्नाच्या उजेडात पाहणे उद्बोधक ठरेल. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. येथे मात्र लोकांच्या तोंडी रुळलेले जुने नावच वापरले आहे. हा भाग निवडण्याचे कारण एवढेच की, महाराष्ट्रात काँग्रेसचे बुरूज एकामागून एक ढासळत असताना हा बुरूज फार उशिरापर्यंत उभा होता. अनंतराव थोपटे येथून सहा वेळा विधानसभेवर निवडून गेले. त्यांचे चिरंजीव संग्राम थोपटे यांनी २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीन निवडणुका ओळीने जिंकल्या. त्यांतील २०१४ ची तर काँग्रेसविरोधी लाटेत जिंकली. असा बुरूज का ढासळला, हे कळले तर इतर ठिकाणच्या पडझडीचाही उलगडा होऊ शकेल.

एकाच वर्षातील दोन कौल

प्रथम आकडे पाहू. बारामती लोकसभा मतदारसंघात ७ मे २०२४ रोजी मतदान झाले. भोर विधानसभा क्षेत्र हा त्याच मतदारसंघाचा भाग आहे. त्याआधी मार्चमध्ये शरद पवार यांनी अनंतराव थोपटे यांची त्यांच्या गावी जाऊन भेट घेतली आणि दोन घराण्यांतील दीर्घकाळच्या राजकीय वितुष्टावर पडदा पडला. सुप्रिया सुळे सुमारे १ लाख ५८ हजार मतांनी विजयी झाल्या आणि त्यांना एकट्या भोर क्षेत्राने ४० हजारांहून अधिक मतांची आघाडी दिली. पुढे २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. त्याच आघाडीचे उमेदवार असलेले संग्राम थोपटे हे अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार शंकर मांडेकर यांच्याकडून सुमारे १९,६०० मतांनी पराभूत झाले. डोंगर तेच, गावे तीच, याद्याही जवळपास त्याच. मध्ये गेला तो फक्त एक पावसाळा.

यावरून मतदार चंचल आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो उतावळेपणाचा ठरेल. संग्राम थोपटे यांना २०१९ मध्ये सुमारे १ लाख ९ हजार मते मिळाली होती, २०२४ मध्ये सुमारे १ लाख ७ हजार मिळाली. म्हणजे त्यांची मते फारशी घटली नाहीत. मात्र या पाच वर्षांत यादीतील नावे वाढली आणि विधानसभेसाठीच्या मतदानाचे राज्यातील प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. बेरजेच्या आत कोण आले आणि कोण गेले, हे बेरीज सांगत नाही, हे मान्य करूनही एक गोष्ट स्पष्ट दिसते. पाणी वाढले, पण या पक्षाची घागर होती तेवढीच राहिली. जुना मतदार सवयीने आला असेल. नव्या मतदाराला बोलावणारा शब्द पक्षापाशी नव्हता.

लोकसभेच्या वेळी तो शब्द होता. पक्ष कोणाचा, वारसा कोणाचा, फुटीचा न्याय कोण करणार, हा प्रश्न त्या वेळी चावडीपासून एस. टी. च्या थांब्यापर्यंत सर्वत्र चर्चिला जात होता. आपल्या मताने काहीतरी ठरणार आहे, ही जाणीव मतदाराला होती. नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारापुढे काँग्रेसने काय ठेवले? आमदाराने केलेल्या कामांची यादी आणि घराण्याची पुण्याई. यादी खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु केलेल्या कामांची यादी ही पावती असते. पावती दाखवून मागचे येणे वसूल करता येते, पुढचा व्यवहार जुळवता येत नाही.

मुळशीचा आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. २००९ पासून भोर मतदारसंघात भोर आणि वेल्ह्याबरोबर मुळशी तालुकाही आहे. हिंजवडी-माणच्या परिसरात वाढलेल्या वस्तीमुळे मुळशीचे संख्याबळ मोठे झाले. मांडेकर मुळशीचे, ‘आमदार आपल्या तालुक्याचा’ या भावनेने तेथील मते एकवटली, शिवाय कुलदीप कोंडे आणि किरण दगडे या दोघा अपक्षांनी मिळून पन्नास हजारांहून अधिक मते घेतली, मग यात पक्षाच्या प्रेरणाशक्तीचा प्रश्न येतोच कोठे, असा हा आक्षेप आहे.

वस्तुस्थिती म्हणून हे सर्व मान्यच केले पाहिजे. परंतु तालुक्याची अस्मिता ही काही २०२४ मध्ये जन्माला आलेली नाही. २००९, २०१४ आणि २०१९ मध्येही मुळशी तेथेच होती. ‘आपला माणूस’ हे मत देण्याचे सर्वांत जुने कारण आहे आणि दुसरे कारण मिळेनासे झाले की मतदार त्याकडे वळतो. पक्ष जेव्हा विचार, कार्यक्रम अथवा निदान एखादा समान प्रश्न मतदारापुढे ठेवीत नाही, तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. तेथे तालुका येतो, भावकी येते, जात येते. शिवाय ज्याने स्वतः ‘आपला माणूस’ याच कारणावर अनेक निवडणुका जिंकल्या, त्याला प्रतिस्पर्ध्याने तेच कारण अधिक मोठ्या तालुक्यात वापरले याची तक्रार कशी करता येईल?

उपकाराचे अर्थशास्त्र

या रिकामेपणाचे मूळ शोधायचे तर पक्ष आणि मतदार यांच्यातील व्यवहाराचे स्वरूप पाहावे लागेल. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात काँग्रेसने ग्रामीण भागात जी सत्ता उभारली ती केवळ भाषणांवर उभी नव्हती. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आणि सोसायटी, खरेदी-विक्री संघ, जिल्हा बँक, दूध संघ व शिक्षण संस्था यांचे एक विणकाम तालुक्या-तालुक्यात झाले. यशवंतराव चव्हाणांचे बेरजेचे राजकारण या विणकामामुळेच शक्य झाले. त्याने ग्रामीण महाराष्ट्राचे भले केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या मुलाला पूर्वी सातवीनंतर गुरे राखावी लागली असती तो या शाळांमुळे कारकून झाला, शिक्षक झाला.

तथापि या रचनेत एक दोष बीजरूपाने होता. कर्ज, नोकरी, प्रवेश, बदली, उसाची नोंद, यांतील काहीही मिळवायचे तर कोणाच्या तरी चिठ्ठीवाचून चालत नसे. जे संस्थेचे कर्तव्य होते ते नेत्याचा उपकार होऊन मतदाराच्या हाती पडे आणि त्या उपकाराची फेड म्हणजे मत. हा व्यवहार उभयपक्षी सोयीचा होता. नेत्याला हुकमी मते मिळत, मतदाराला हुकमी दार मिळे. ‘हुकमी’ हा शब्द आपण किती सहजपणे वापरतो! जे मत हुकमाने पडते त्याला प्रेरणेची आवश्यकता नसते आणि ज्या पक्षाला अशा मतांची सवय लागते तो मतदाराचे मन वळविण्याची कलाच विसरतो.

आता या व्यवहाराचा पायाच खचला आहे. निगडे येथील राजगड सहकारी साखर कारखाना हा तालुक्याच्या अर्थकारणाचा कणा मानला जाई. तो आर्थिक अडचणीत सापडला आणि २०२४ मध्ये तर त्याच्या कर्जाच्या शासकीय हमीचा प्रश्नच राजकीय वादाचा विषय झाला. दुसरीकडे भोरचा तरुण नीरा नदी ओलांडून शिरवळच्या कारखान्यांत जाऊ लागला, खेड-शिवापूरच्या गोदामांत जाऊ लागला, पुण्यात रिक्षा नाहीतर मोटार चालवू लागला. त्याचा पगार कंत्राटदार ठरवितो, त्याचे कर्ज वित्तसंस्था देते, त्याचा दाखला संगणकातून निघतो. हे जीवन पूर्वीपेक्षा सुखाचे आहे असे मुळीच नाही. कंत्राटी कामगाराची असुरक्षितता सर्वांना ठाऊक आहे. परंतु या असुरक्षिततेत सोसायटीचा चेअरमन त्याच्या काही उपयोगाचा उरलेला नाही. चिठ्ठीची गरज संपली, तशी फेडीची भावनाही संपली.

जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. दरमहा १५०० रुपयांनी बायकांची मते विकत घेतली, असे म्हणणारे पराभूत उमेदवार त्या बाईचा अपमान करतात आणि वर मुद्दाही चुकवतात. योजनेच्या आर्थिक भाराविषयी, तिच्या मुहूर्ताविषयी टीका अवश्य व्हावी. पण वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतील स्त्रीच्या दृष्टीने तिच्यात नवे काय होते? कोणाच्या ओसरीवर न बसता, कोणापुढे हात न जोडता, तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात पैसे आले. ज्या मध्यस्थाच्या आधारावर पक्ष उभा होता तो मध्यस्थ वगळला गेला. सत्ताधाऱ्यांनी उपकाराचे राजकारण संपविले असे नव्हे. त्यांनी उपकार तालुक्याच्या ठिकाणाहून उचलून मुंबईला नेला. तालुक्यातील उपकारकर्ता मात्र रिकाम्या हातांनी उरला.

हक्क दिल्लीचा, शिफारस तालुक्याची

यातील खरी शोकांतिका अशी की, मध्यस्थावाचून मिळणाऱ्या लाभाची कल्पना मूळची काँग्रेसच्याच राजवटीतील. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून साकारलेली रोजगार हमी योजना महाराष्ट्रात राबविली गेली आणि पुढे तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र होते. २००५ मध्ये केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार असताना माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला आणि २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा. या सर्व कायद्यांचा आत्मा एकच होता : नागरिकाने मागावे ते हक्काने, याचनेने नव्हे.

मग ज्या पक्षाने हे कायदे केले त्याला त्यांचे श्रेय गावात का मिळाले नाही? कारण ते कायदे गावात नेणारा कार्यकर्ताच पक्षाने घडविला नव्हता. तालुक्यातील पुढाऱ्याचे महत्त्व शिफारशीत होते. मजुराला काम मागण्याचा अर्ज कसा करावा हे शिकविणे, शिधापत्रिका अडली तर कोणत्या कलमाखाली दाद मागावी हे सांगणे, म्हणजे स्वतःचेच महत्त्व कमी करणे होते. एवढे औदार्य कोण दाखविणार? परिणामी पक्षाने दिल्लीत हक्काचे कायदे केले आणि तालुक्यात उपकाराचे राजकारण केले. मतदाराला पक्ष भेटला तो उपकारातून. हक्कातून तो त्याला कधी भेटलाच नाही. म्हणून उपकार थांबताच ओळखही पुसट झाली.

वाहून गेलेले पाणी, बाहेर गेलेली माणसे

मतदारांना हलविणारा प्रश्नच या भागात नव्हता, असे कोणी म्हणेल तर त्याने एकदा या तालुक्यांचा नकाशा पाहावा. १९२८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या भाटघर धरणाची साठवण साडेतेवीस अब्ज घनफूट आहे. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. नीरा-देवघर भोर तालुक्यातच आहे. पानशेतची साठवण दहा अब्ज घनफुटांच्या वर, वरसगावची बाराच्या वर. त्यांच्यावर पुणे शहराची तहान भागते आणि दौंड-इंदापूरचे कालवे वाहतात. गुंजवणीचे धरण वेल्ह्यात आहे. ज्या डोंगरांत एवढे पाणी अडते त्याच डोंगरांतील वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, आणि ज्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली त्यांची नातवंडे शहरात भाड्याच्या खोलीत राहतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या चित्रात एक संपूर्ण पाठ सापडेल : साधनसंपत्ती एकाची, लाभ दुसऱ्याचा, आणि भरपाई कोणाचीच नाही. या अन्यायावर कोणत्याही पक्षाला चळवळ उभारता आली असती. परंतु ज्यांच्या शेतात हे पाणी जाते त्या खालच्या तालुक्यांचे पुढारीही त्याच पक्षाचे, अथवा त्याच्या मित्रपक्षाचे. पाण्याचा प्रश्न मोठ्याने विचारणे म्हणजे जिल्ह्यातील सत्तेची घडी विस्कटणे. म्हणून पाण्याच्या मागण्या झाल्या, निवेदने दिली गेली, आश्वासने मिळाली. पण तो पक्षाच्या अस्तित्वाचा प्रश्न कधी झाला नाही. ज्या प्रश्नासाठी मतदार पेटून उठला असता तोच प्रश्न सोयीसाठी झाकून ठेवायचा आणि नंतर मतदार उदासीन आहे म्हणून हळहळायचे, यात विसंगती नाही काय?

पाण्यापाठोपाठ माणसेही गेली. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये एक कोडे मांडले होते. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य आणि मत द्यायला जाण्याचा खर्च निश्चित. मग शहाणा मनुष्य मत देतोच का? कात्रज-धनकवडीत किंवा मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या, पण नाव गावच्या यादीत असणाऱ्या भोरकराला हे कोडे पुस्तकात वाचावे लागत नाही. बुधवारी मतदान असले तर एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे, हा त्याचा खर्च असतो. पक्षांनी यावर काढलेला तोडगा सर्वांना माहीत आहे : गाडी पाठवायची. परंतु गाडीने देह येतो, मन येत नाही. आणि ज्याची गाडी मोठी त्याच्याकडे पुढच्या वेळी देहही जातो. डाउन्सच्या कोड्याचे खरे उत्तर एवढेच की, मनुष्य हिशेबासाठी मत देत नाही, तो आपण कोण आहोत हे सांगण्यासाठी मत देतो. ‘मी या पक्षाचा’ असे म्हणण्यात ज्याला काही अर्थ वाटतो तो स्वतःच्या भाड्याने येतो.

वतन आणि संघटना

अल्बर्ट हर्षमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये लिहिलेल्या एका छोट्या ग्रंथात असे दाखविले की, कोणत्याही संस्थेचा ऱ्हास होऊ लागला की तिच्या सभासदापुढे दोनच मार्ग असतात. निघून जाणे किंवा आवाज उठविणे. निष्ठा असेल तर तो निघून जाण्यापूर्वी आवाज उठवून पाहतो. भोर-वेल्ह्यातील काँग्रेसच्या मतदाराला आवाज उठविण्यासाठी जागा कोठे होती? उमेदवार ठरविताना त्याला कोणी विचारत नव्हते, कारण उमेदवार ठरलेलाच असे. पक्षाच्या तालुका समितीत वाद होत नसत, कारण निर्णय अन्यत्र झालेला असे. अशा वेळी उरतो तो एकच मार्ग, आणि तो गाजावाजा न करता पत्करता येतो.

१९४८ च्या मार्चमध्ये पंतसचिवांचे भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापूर्वीचा हा मुलूख देशमुखांचा आणि वतनांचा. रोहिडखोऱ्यातील कारीच्या जेधे घराण्याची कीर्ती शिवकालापासूनची. परंतु याच घराण्यातील केशवराव जेधे यांनी सत्यशोधकी विचाराने बहुजन समाज काँग्रेसमध्ये आणला, आणि पटेनासे झाले तेव्हा शेतकरी कामगार पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला. पुढे ते काँग्रेसमध्ये परतले ही गोष्ट वेगळी. सांगण्याचा मुद्दा असा की, त्या पिढीत पक्ष सोडणे आणि पक्षात येणे हा वादाचा, भूमिकेचा विषय होता. लोकांना त्याची कारणे सांगावी लागत. संस्थान विलीन झाले. पण मतदारसंघाला वतन मानणारी वृत्ती विलीन झाली असे म्हणवत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. पक्ष बदलण्याचा अधिकार प्रत्येकास आहे आणि या निर्णयामागील त्यांची कारणे त्यांच्यापाशी असतील. महत्त्वाचे ते त्यानंतरचे. ज्या भागात पक्षाने इतकी वर्षे राज्य केले तेथे एक घर बाहेर पडताच मागे काय उरले? संघटना म्हणून जे दिसत होते ते बहुतांशी एका घराचे गणगोत होते, हे तेव्हा उघड झाले. आणि ज्या पक्षात हे घर गेले त्या पक्षानेही यातून बोध घ्यावयास हवा. आयत्या मिळालेल्या मतांबरोबर त्यांचा रोगही येतो. आज जो मतदार हुकमी म्हणून मोजला जात आहे तो उद्या त्याच पक्षाला विचारणार आहे : मी उठावे कशासाठी?

उपाय सांगणे सोपे आणि करणे कठीण, हे मान्य करूनही काही गोष्टी स्पष्ट आहेत. पाण्यावरचा पहिला हक्क कोणाचा, कंत्राटी कामगाराला संरक्षण कोण देणार, इंद्रायणी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला तांदळाच्या शहरातील भावाचा किती वाटा मिळतो, दुर्गम वाडीतील शाळा चालणार की बंद पडणार, यांपैकी एखादा प्रश्न पाच वर्षे न सोडता हाती धरणारा पक्ष या तालुक्यांत हवा. त्याची उमेदवारी सभासदांच्या सभेत ठरावी, मग उमेदवार कोणत्याही घरातील असो. त्याच्या कार्यकर्त्याने चिठ्ठी देण्याऐवजी अर्ज लिहायला शिकवावे. यातून पुढच्याच निवडणुकीत विजय मिळेल अशी हमी कोणी देऊ शकणार नाही. पण कोणाच्याही हुकमाशिवाय, स्वतःच्या भाड्याने गावी येऊन मत देणारा मतदार घडविण्याचा दुसरा मार्ग नाही. त्या मतदाराला ऋणको समजणे आपले राजकीय पक्ष जोवर थांबवीत नाहीत, तोवर तो त्यांच्यासाठी उठणार नाही. आणि त्याने तसे उठू नये, हेच लोकशाहीच्या हिताचे आहे.